लसीला नकार येतो, तेव्हा लोक नेमकं कशाला नाही म्हणत असतात?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा: हिंगोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर तुम्ही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नुकते रुजू झालात. गावाला लागून एक बंजारा तांडा आहे, पलीकडे मुस्लिम मोहल्ला आहे. जन्मानंतरच्या लसी बहुतेकांच्या होतात, पण पुढे गळती लागते आणि दीड वर्षाच्या डोसला निम्मी नावं तशीच राहतात. तुम्ही तक्ते दाखवता, मोबाइलवर व्हिडिओ दाखवता, रोगांची माहिती सांगता. लोक मान डोलावतात आणि सत्राच्या दिवशी येत नाहीत. दोन-तीन घरांनी तोंडावर दार लावलं. ‘कोरोनापासून लोकांचा लसीवरचा विश्वासच उडालाय, आता यांना समजवायचं कसं?’ असं तुम्ही विचारलंय.

मी मराठवाड्यातच एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, म्हणून लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. आधी बीड, मग परभणी. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. तिथली एएनएमची जागा भरलेली आहे की रिकामी, आशाताई गावातल्या कोणत्या भागातल्या आहेत, आधीच्या माणसाचं लोकांशी कसं होतं, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या गावाशी ताडून बघा.

माहिती कमी पडते म्हणून लोक येत नाहीत, असं तुम्ही धरून चाललात असं मला वाटतं. काही घरांत ते खरं असेलही. पण पोलिओ म्हणजे काय, गोवर म्हणजे काय हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनी ते घरात पाहिलंय. आई दाराशी उभी राहून जे ठरवते ते वेगळंच असतं: ही सुई देणारी माणसं कोण आहेत, आजवर ती आमच्याशी कशी वागली आणि उद्या काही झालं तर ती सापडतील का. लसीबद्दलचं मत ती या तीन गोष्टींवरून बनवते. तुमचा तक्ता कितीही चांगला असला तरी त्यात या तिन्हींचं उत्तर नसतं.

पण त्याआधी एक काम करा. ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या लेकरांची यादी, समोर घ्या, आशाताई आणि अंगणवाडीताईंना शेजारी बसवा आणि राहिलेल्या प्रत्येक नावापुढे खरं कारण लिहा. ‘नकार’ हा शब्द आपल्या रजिस्टरमध्ये फार सहज पडतो. निम्म्या नावांपैकी बरीचशी नकाराची नसतील असं मी आत्ताच सांगते, विशेषतः तांड्यावरची.

हिशेब करून बघा. जूनमध्ये जन्मलेलं लेकरू घ्या. क्षयावरची बीसीजी, पोलिओ आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे पेंटाचे (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे) तिन्ही डोस गावात होतात. दसरा-दिवाळीला मुकादमाची टोळी ऊसतोडीला निघते. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला मार्चमध्ये येतो, तेव्हा ते लेकरू सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात, पाचटावर असतं. सोळा महिने भरतात ते ऑक्टोबरात, म्हणजे पुन्हा निघायच्या धांदलीत. या आईने कशाला नाही म्हटलेलंच नाही. आपलं वेळापत्रक आणि तिचं वेळापत्रक जुळत नाही, एवढंच. आता अशी आई एप्रिलमध्ये कार्ड घेऊन येते आणि आपल्यातलं कुणीतरी चार बायांसमोर तिला म्हणतं, ‘इतके दिवस कुठं झोपली होतीस?’ ती पुढच्या वेळी येत नाही. राहून गेलेलं घर नकाराचं घर बनतं ते इथं. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. तिला एवढंच म्हणा की आलीस ते बरं झालं, अजून वेळ गेलेली नाही.

आता खरोखर नाही म्हणणारी घरं. त्यांच्यातही सगळ्यांचं ‘नाही’ एकसारखं नसतं.

सगळ्यात मोठा गट तापाचा. पेंटामध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचा जो घटक आहे त्याने बऱ्याच लेकरांना त्या रात्री ताप येतो, मांडी सुजते, लेकरू किरकिरं होतं. आपल्याला हे पाठ असतं, म्हणून आपण ते घाईत सांगतो किंवा सांगतच नाही. त्या घरात रात्री काय होतं ते बघा. नवरा बाहेरगावी कामाला. सासू म्हणते, ‘चांगलं खेळायलं होतं लेकरू, कामून टोचून आणलंस?’ उपकेंद्राला कुलूप. फोन लावला तर लागत नाही. सकाळी ती सून लेकराला घेऊन बाजाराच्या गावी खासगी डॉक्टरकडे जाते, रोजगार बुडतो, पैसे जातात, घरात बोलणी बसतात. तिसऱ्या डोसला ती आली नाही तर तिचं काय चुकलं? लसीने काय होतं हे तिने स्वतः अनुभवलंय. ते आपण आधी सांगितलं नव्हतं, हे मात्र तिच्या लक्षात राहिलंय.

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं असेलच: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, पुढच्या वेळी कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, कार्ड जपून ठेवायचं. या चारांतली तिसरी गोष्ट लस द्यायच्या आधी सांगा आणि सासूला सांगा. ‘आज रात्री ताप येईल, घाबरायचं नाही, हे औषध असं द्यायचं, अंगावर पाजत राहायचं, मांडीला काही चोळायचं नाही, आणि लेकरू दूध ओढत नसलं, झटके आले, ताप उतरलाच नाही तर रात्री कितीही वाजता मला फोन करायचा.’ एवढं बोलायला किती वेळ लागतो? ताप आलाच तर सासू म्हणते, ‘बाई म्हणल्याच होत्या.’ त्याच तापाने घर तुटतही नाही, उलट आपला शब्द खरा ठरतो. बीसीजीचंही तसंच. काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, पिकतो, खपली धरतो. हे आधी माहीत नसलं तर आईला वाटतं सुई बाधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंनी त्या घरांवरून चक्कर मारायचीच, आणि जमेल तेव्हा तुम्हीही जायचं. लस देऊन निघून गेलेली माणसं आणि सकाळी परत विचारायला आलेली माणसं यांत लोक फार फरक करतात. माझ्या सगळ्या नोकरीत या एका सवयीने जेवढी दारं उघडली तेवढी दुसऱ्या कशाने उघडली नाहीत. आणि फोन करा म्हणालात तर तो उचला. एकदा नाही उचलला तर ते गावभर होतं.

दुसरा गट भीतीचा. त्यातली सर्वांत चिवट भीती म्हणजे ‘याने पुढं मुलं होत नाहीत’. हे ऐकलं की आपले लोक वैतागतात, अडाणीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. शिक्षकांना कोटा होता, कर्मचाऱ्यांचे पगार त्याला बांधले होते. आपल्याच विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या काळात शेतात लपून बसलेली माणसं आज आजोबा आहेत आणि घरात त्यांचं चालतं. सरकारी माणूस पिशवी घेऊन आला की मूल बंद होतं, ही त्यांची आठवण आहे, कुणीतरी पसरवलेली अफवा नव्हे.

आणि हे फार जुनंही नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या, कितीतरी जणींच्या ऐन उमेदीच्या वयात. पोटात दुखतं, अंगावर जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. त्या बाईच्या लेकीच्या घरी आपण जातो आणि म्हणतो, डॉक्टरांवर विश्वास ठेवा. ती गप्प बसते. तिच्या गप्प बसण्यामागे काय आहे ते आपल्याला माहीत असायला हवं. तुमचा तांडा ऊसतोडीला जात असेल तर असं एखादं घर तुमच्या यादीत असेलच.

अशा घरी पहिल्या भेटीत लसीचा विषयही काढू नये असं माझं मत आहे. बाईची कंबर दुखते, तिला रक्त कमी आहे, तिची गोळी संपली आहे, तिथून सुरुवात करा. तुमच्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे, साखर तपासायच्या पट्ट्या आहेत. आम्हा एएनएमना ही सोय फार उशिरा मिळाली. ती वापरा.

मुस्लिम मोहल्ल्याबद्दल तुम्ही जरा दबकून लिहिलंय. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी, बहुतेक शाळांमधून. व्हॉट्सॲपवर नको ते फिरत होतं आणि काही उर्दू शाळांत पालकांनी त्या दिवशी मुलंच पाठवली नाहीत. माझ्या भागातल्या एका मशिदीच्या मौलानांकडे मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊन गेले. आम्ही अपील लिहून नेलं होतं, त्यावर सही हवी होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं: आमच्या मुलांना गोवराची लस आधीच दिलेली आहे, कार्डावर शिक्का आहे, मग पुन्हा का? घरी आई-बापासमोर न देता शाळेत का? ही लस बनवतं कोण?

यातला एकही प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरांनी उत्तरं दिली. नवव्या महिन्याला दिलेल्या गोवराच्या लसीने साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळतं, पंधरा उघडी राहतात, आणि कोणती पंधरा ते बाहेरून ओळखता येत नाही. रुबेलाची लस तर या मुलांना आधी कधी मिळालीच नव्हती, आणि गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन येऊ शकतं. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाल्याशिवाय तो थांबत नाही. शाळेत का, तर त्या वयाची मुलं एकत्र तिथंच सापडतात. पण पालकांना यायचं असेल तर जरूर यावं, आम्ही थांबू. लस पुण्यात बनते. मौलाना म्हणाले, ‘ये बात जुम्मे के रोज आप खुद आ के बोलो.’ कागदावर सही त्यांनी केलीच नाही. शुक्रवारी नमाजानंतर डॉक्टर अंगणात उभे राहिले आणि लोकांनी तासभर प्रश्न विचारले. त्यानंतरच्या सत्राला बाप लोक मुलांचा हात धरून आले, काही आले नाहीत. सगळे आले असं मी सांगणार नाही.

मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की सही मागायला गेलो तेव्हा आम्ही त्यांचं नाव वापरायला गेलो होतो. त्यांनी आम्हालाच लोकांसमोर उभं केलं, आणि तेच बरोबर होतं. तुम्ही मोहल्ल्यात जाल तेव्हा मोठ्या माणसाचं पत्र गोळा करण्यापेक्षा लोकांना तुम्हाला प्रश्न विचारू द्या. उत्तर माहीत नसलं तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

आता तुमचा कोरोनाचा मुद्दा. तो खरा आहे, पण ‘विश्वास उडाला’ म्हणून सोडून देऊ नका, नेमका कशाने उडाला ते बघा. १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली. कोविशील्डच्या दोन डोसांत आधी २८ दिवस सांगितले, मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे केले, मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे. अंतर वाढवल्याने संरक्षण चांगलं मिळतं याला आधार होता. पण नेमकी त्याच दिवसांत लस मिळत नव्हती. पहाटेपासून रांगेत उभं राहून लोक परत जात होते. त्यांना वाटलं, साठा नाही म्हणून तारीख पुढं ढकलतायत. आपल्याकडून कुणी गावात जाऊन ‘हे का बदललं’ ते सांगितलं नाही. बदललेला नियम लोक समजून घेतात. कारण न सांगता बदललेला नियम त्यांच्या मनात राहतो.

मग नोव्हेंबर आला. पहिला डोस पन्नास टक्क्यांच्या आत असलेल्या जिल्ह्यांचा पंतप्रधानांनी आढावा घेतला, त्यात आपल्याकडचे औरंगाबाद, नांदेड आणि तुमचं हिंगोली होतं. औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आदेश निघाला की किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही. रांगा वाढल्या, हे खरं. साथीच्या काळात प्रशासनाला आकडा वाढवायचाच होता, आणि माझ्या काही सहकाऱ्यांना आजही तो निर्णय योग्य वाटतो. त्यांच्याशी माझं या बाबतीत पटत नाही. रेशन अडेल म्हणून मोठा माणूस एकदा हात पुढं करतो. लेकरांच्या लसीला तीच आई दोन वर्षांत पुन्हा पुन्हा, आपल्या पायांनी यावी लागते, आणि धाकाने आलेली बाई संधी मिळताच येणं बंद करते. तुमच्या गावात कुणी ‘लस नाही तर अमुक योजना बंद’ असं बोलत असेल तर ते आधी थांबवा. बहुतेकदा घाईला आलेला आपलाच माणूस ते बोललेला असतो.

लोक तुम्हाला विचारतील, कोविशील्डने तरुण पोरं पटापट मरायलीत ते खरं का? टाळू नका. ती लस मूळ ज्या कंपनीची, तिने २०२४ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास या लसीने होऊ शकतो. हे खरं आहे आणि खरं म्हणूनच सांगा. तो त्रास झालाच तर डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षांनंतर नाही, हेही सांगा. आणि तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. लसीने तो धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी दिसला. ‘लसीने काहीच होत नाही’ हे वाक्य मात्र कधीही बोलू नका. कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं आणि तो माणूस त्याच घोळक्यात उभा असतो.

चुका होतात तेव्हा काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळा कस तिथं लागतो. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ रविवारी यवतमाळ जिल्ह्यात बारा लेकरांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं बरी झाली, पण बातमी पैनगंगा ओलांडून आपल्याकडे यायला एक दिवसही लागला नाही. पुढच्या फेरीला आमच्या बूथवर एक बाप आला, लेकरू कडेवर, तोंड गच्च. म्हणाला, ‘बाटली दाखवा आधी.’ बूथवरची पोरगी दुखावली. मी तिच्या हातातून कुपी घेऊन त्याच्या हातात दिली. लेबल वाचायला लावलं, मुदतीची तारीख दाखवली. कुपीवरच्या गोलातला तो छोटा चौकोन दाखवला: चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, रंग गोलाइतका किंवा जास्त गडद झाला तर टाकायची. त्याने कुपी उन्हाकडे धरून पाहिली, वास घेतला, परत दिली आणि लेकराचं तोंड उघडलं. मागे उभ्या असलेल्या बायांनीही मग तो चौकोन बघायला मागितला.

तेव्हापासून मी सत्रावर हे सगळ्यांना करायला लावलं. सिरिंजचं पाकीट आईच्या समोर फोडायचं. कुपी उघडली की त्यावर वेळ लिहायची आणि ती वेळ तिला दाखवायची. गोवर-रुबेलाची कुपी मिसळल्यापासून चार तासांत संपवायची किंवा फेकायची, हे तिला सांगायचं. अर्धा तास बसवून ठेवतो ते का, तेही सांगायचं. लोकांना आपल्यावर नजर ठेवता आली पाहिजे. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

आणि लसीनंतर एखाद्या लेकराला खरोखर गंभीर काही झालं, तर त्या घरी सगळ्यांत आधी तुम्ही पोहोचलं पाहिजे. लसीने झालं का नाही हे तुम्ही तिथं उभ्या उभ्या सांगू शकत नाही, म्हणून ‘लसीमुळे नाहीच’ असंही म्हणू नका. वर कळवा, चौकशी होईल असं सांगा आणि चौकशीचं काय झालं ते घरच्यांना येऊन सांगा. हे शेवटचं आपल्याकडे फार वेळा राहून जातं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही. पण आश्रमशाळांच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डननी संमतीच्या सह्या केल्या होत्या, ते बाहेर आलं. प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले, आणि ज्या लसीने आपल्या बायांचा जीव वाचू शकतो ती वर्षानुवर्षं मागे पडली. औषध बरोबर होतं, विचारण्याची पद्धत चुकली होती.

गावात कोण बोलावं हाही एक प्रश्न आहे. तुम्ही पुरुष आहात, नवे आहात, बाहेरचे आहात. आशाताई सोबत असल्याशिवाय घरोघर जाऊ नका. तांड्यावर आधी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, भेटा, पण तिथं थांबू नका. लेकराचं ठरवते ती आजी. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या याडीने (बंजारा बोलीत आई) मला विचारलं होतं, ‘तुझ्या नातवाला दिली का हीच सुई? कार्ड आण.’ मी पुढच्या सत्राला नातवाचं कार्ड नेलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने आपल्या शाळकरी नातीकडून तारखा वाचून घेतल्या आणि मग स्वतःच सुनेला हाक मारली. आणखी एक माणूस विसरू नका: मोटारसायकलवर फिरणारा गावातला खासगी डॉक्टर. रात्री दोन वाजता लोक त्याच्याकडे जातात. त्याने तापलेलं लेकरू बघून ‘कशाला टोचलं?’ म्हटलं की तुमच्या सहा महिन्यांवर पाणी. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला चहाला बोलवा, कोणत्या लसीने किती ताप येतो आणि कधी पुढं पाठवायचं ते मानाने सांगा.

लोक तुम्हाला असंही म्हणतील: पोलिओला घरी येता, टँकर चार दिवस आला नाही तेव्हा कुठं होता? टँकर तुमचं काम नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या लेखी तुम्ही सरकारच आहात. ग्रामसेवकाला त्यांच्यासमोर फोन लावा. पाणी येईलच असं कबूल करू नका.

तुमच्या हातात आत्ता जे आहे ते सांगते. टोळ्या निघायच्या आधी यादी पूर्ण करा. दीड वर्षाच्या डोसला सोळा ते चोवीस महिन्यांची मुदत आहे. दसऱ्याच्या आसपास ज्यांना सोळावा महिना पूर्ण होतो त्यांचं सत्र तांड्यावरच घ्या, संध्याकाळी, बाया रानातून परतल्यावर. सुपरवायझरकडून त्यासाठी वेळ बदलून घ्यावी लागेल, त्यांच्याशी आधीच बोला. ज्यांचा महिना भरत नाही त्यांच्या मुकादमाला गाठा आणि टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारा. त्या भागातल्या आरोग्य केंद्राचा फोन मिळवून कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून द्या, खाली तुमचाही नंबर लिहा. कार्डाचा फोटो आईच्या आणि आशाताईच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. कार्ड पालात भिजतं, हरवतं. ज्या दोन-तीन घरांनी दार लावलं, त्यांच्याकडे या महिन्यात लसीसाठी जाऊच नका. आशाताईंना विचारा त्या घरात आजारी कोण आहे, आणि त्या माणसाला बघायला जा.